नफा आणि विक्री यांची फारकत : प्रस्तावना

ज्या संस्थेचा व्यवसायच वीज विकण्याचा आहे तिने आपल्या ग्राहकाला वीज वाचविण्यास शिकवावे, ही अपेक्षा आपल्याकडे इतकी रुळलेली आहे की तिच्यातील अंतर्विरोध कोणाच्या सहसा ध्यानातही येत नाही. बिलाच्या पाठीवर छापलेला काटकसरीचा उपदेश, शाळांतून होणाऱ्या निबंधस्पर्धा, वीज बचत सप्ताहातील प्रभातफेऱ्या हे सारे त्या अपेक्षेचेच आविष्कार होत. परंतु जिचे उत्पन्न विकलेल्या प्रत्येक युनिटागणिक वाढते आणि वाचविलेल्या प्रत्येक युनिटागणिक घटते, त्या कंपनीने आपल्याच हातांनी आपला महसूल कमी करावा असे म्हणणे हे मनुष्यस्वभावाला आणि जमाखर्चाच्या शास्त्राला, दोहोंनाही सोडून आहे. हा विरोध उपदेशाने मिटत नाही. तो हिशेबाची रीत बदलूनच मिटवावा लागतो. वीज कंपनीचा नफा आणि तिची विक्री यांची दरनियमनाच्या द्वारे फारकत कशी करावी, ती कोणी, केव्हा आणि कितपत यशस्वीपणे केली, आणि आपल्या देशात, विशेषतः जयपूरसारख्या नगरीतून कारभार पाहणाऱ्या एका सरकारी वितरण कंपनीच्या बाबतीत, तिचा अर्थ काय होतो, हा प्रस्तुत पुस्तकाचा विषय आहे.

विषयाशी प्रथमच परिचय होत असलेल्या वाचकासाठी मूळ यंत्रणा थोडी उलगडून सांगणे अवश्य आहे. वितरण कंपनीचा खर्च दोन जातींचा असतो. जितकी वीज विकावी तितकी ती विकत घ्यावी लागते, तेव्हा कोळशाची किंमत आणि खरेदीचा बदलता भाग विक्रीबरोबर वाढतो वा घटतो. खांब, तारा, रोहित्रे, उपकेंद्रे, नोकरवर्गाचे पगार, कर्जावरील व्याज, आणि वीजनिर्मिती कंपन्यांशी केलेल्या दीर्घ मुदतीच्या करारांतील स्थिर आकार हा दुसरा खर्च मात्र वीज विकली गेली काय किंवा न गेली काय, फारसा हलत नाही. हा दुसरा खर्च पुष्कळ मोठा असूनही ग्राहकाच्या बिलातील स्थिर आकारातून त्याचा थोडाच भाग वसूल होतो. उरलेला युनिटच्या दरात मिसळलेला असतो. समजा, एखाद्या कंपनीचा असा स्थिर खर्च वर्षाला १,००० कोटी रुपये आहे, त्यात भागधारकांच्या परताव्याचे १०० कोटी धरलेले आहेत, आणि दर ठरविणाऱ्या वीज नियामक आयोगाने ५०० कोटी युनिटांची विक्री गृहीत धरून या खर्चापोटी युनिटमागे २ रुपये दर मंजूर केला आहे. आता विक्री शेकडा ५ ने वाढून ५२५ कोटी युनिटांवर गेली, तर या खात्यावर १,०५० कोटी जमा होतील. खर्च तेवढाच राहिल्याने वरचे ५० कोटी थेट नफ्यात जातील, म्हणजे विक्री वीस हिश्शांत एका हिश्शाने वाढली आणि नफा दीडपट झाला. उलट ग्राहकांनी तितकीच काटकसर केली तर नफा निम्म्यावर येईल. कंपनीच्या व्यवस्थापकाचे मन कोणत्या दिशेला ओढ घेईल, हे सांगावयास फार मोठ्या शास्त्राची आवश्यकता नाही.

फारकतीची रीत अशी की, आयोगाने कंपनीला दराची नव्हे, महसुलाची हमी द्यावयाची. मंजूर महसूल १,००० कोटी. वसुली १,०५० कोटी झाली तर ५० कोटी पुढील वर्षी दर १० पैशांनी उतरवून ग्राहकांना परत करावयाचे, ९५० कोटी झाली तर तितकेच चढवून भरून घ्यावयाचे. एवढी व्यवस्था नियमाने व वेळच्या वेळी झाली की विक्रीचे चढउतार कंपनीच्या नफ्याला स्पर्श करीत नाहीत. ग्राहकाने वाचविलेले युनिट तिच्या दृष्टीने ना तोटा ना लाभ असे होऊन बसते. यात ग्राहकाची काटकसर वाया जाते काय, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. जात नाही. ज्याने युनिट वाचविले त्याचे बिल त्या युनिटापुरते उतरतेच, आणि वीजखरेदीचा बदलता खर्च सर्वांचाच वाचतो. स्थिर खर्चाचा वाटा तेवढा सर्व ग्राहकांत फिरून वाटला जातो. हे फिरून वाटणे न्याय्य आहे की नाही, यावरच या क्षेत्रातील निम्मे वाद आजवर झडलेले आहेत.

या विचाराचा उगम पाश्चात्त्य ग्रंथकार बहुधा कॅलिफोर्नियात दाखवितात. तेथे आपण येऊच. तथापि मला या इतिहासाचा आरंभ आपल्याच कायद्यापासून करावासा वाटतो, कारण त्याकडे आमच्या अभ्यासकांचे अक्षम्य दुर्लक्ष झालेले आहे. १९४८ च्या वीज पुरवठा कायद्याच्या सहाव्या परिशिष्टात खासगी परवानाधारक कंपन्यांसाठी 'वाजवी परतावा' निश्चित केलेला होता. कंपनीने आपले दर असे बसवावेत की निव्वळ नफा या परताव्याच्या ठरीव मर्यादेपलीकडे जाऊ नये. आणि गेलाच, तर जादा रकमेचा एक तृतीयांश, तोही मर्यादेत राहून, कंपनीने ठेवावा, उरलेल्यापैकी निम्मी रक्कम दर व लाभांश यांच्या नियंत्रणासाठी उघडलेल्या राखीव निधीत जमा करावी आणि निम्मी ग्राहकांना सूट म्हणून परत करावी किंवा त्यांच्या नावे पुढे ओढावी, अशी तजवीज त्यात होती. मुंबईत टाटांची कंपनी आणि उपनगरांची बीएसईएस यांनी दीर्घकाळ याच परिशिष्टाखाली व्यवहार केला. हिशेब वाढीव नफ्याचा होता, काटकसरीचा विचार त्या काळच्या मसुदाकारांच्या मनात असण्याचे कारण नव्हते. टंचाई होती ती विजेची, आणि राष्ट्राला हवी होती ती विक्रीची वाढ. तरीही नफ्याला विक्रीच्या मागे मोकाट धावू न देता कायद्याच्या खुंट्याला बांधावे, ही कल्पना आपल्या विधिग्रंथात कॅलिफोर्नियाच्या तीस वर्षे आधी लिहिलेली होती, याची नोंद इतिहासात व्हावयास हवी.

परदेशात या प्रश्नाचा तात्त्विक पाया घालण्याचे श्रेय पुष्कळसे टीकाकारांकडे जाते. १९६२ साली अ‍ॅव्हर्च आणि जॉन्सन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, भांडवलावर ठरावीक परतावा देणाऱ्या नियमनात कंपनीला आवश्यकतेहून अधिक भांडवल गुंतविण्याचा मोह होतो. नियमनाची रीत ही निरुपद्रवी हिशेबपद्धती नसून ती कंपनीच्या वर्तनाला वळण लावणारी शक्ती आहे, हा बोध या निबंधाने रुजविला. पुढे १९७३ चे तेलसंकट आले, वीजकेंद्रे उभारण्याचा खर्च कडाडला, आणि अधिक विक्री म्हणजे स्वस्त वीज हे अर्धशतकाचे समीकरण मोडून पडले. कॅलिफोर्नियाच्या आयोगाने १९७८ मध्ये प्रथम वायुपुरवठ्याच्या आणि १९८२ मध्ये विजेच्या क्षेत्रात महसूल समायोजनाची योजना अमलात आणली. त्या राज्यातील दरडोई वीजवापर पुढील दशकांत जवळजवळ स्थिर राहिला, आणि आर्थर रोझेनफेल्ड यांच्यासारख्या पदार्थवैज्ञानिकाने उपकरणांच्या कार्यक्षमतेची मानके ठरविण्यात घातलेले लक्ष व आयोगाची ही योजना यांना त्याचे श्रेय दिले जाते. सौम्य हवामान, जड उद्योगांचे स्थलांतर आणि चढे दर यांचा वाटा त्यात किती, याविषयी विद्वानांत आजही मतभेद आहेत. या पुस्तकातील लेखकांचेही याबाबत एकमत नाही, आणि ते तसे असू द्यावे असेच संपादनाच्या वेळी ठरले. एक गोष्ट मात्र निर्विवाद आहे : १९९६ मध्ये बाजार खुला करण्याच्या उत्साहात ही योजना स्थगित झाली, आणि पुढील वीज-अरिष्टानंतर २००१ मध्ये विधिमंडळाने ती कायद्याने परत आणली.

याच कथेचा दुसरा भाग मेन या राज्यात घडला, आणि भारतीय वाचकाने कॅलिफोर्नियापेक्षा तो अधिक मनन करून वाचावा, असे मला वाटते. तेथे १९९१ मध्ये दर ग्राहकामागे महसूल ठरवून देणारी फारकतीची योजना सुरू झाली, आणि लगेच मंदीची लाट आली. लोकांनी काटकसर केली म्हणून नव्हे, तर कारखाने थंडावले म्हणून विक्री घसरली. योजनेप्रमाणे तूट ग्राहकांच्या नावे चढत गेली, ती पुढे ढकलली गेली, आणि ढकललेली रक्कम इतकी फुगली की १९९३ मध्ये योजनाच गुंडाळावी लागली. विक्रीतील घट कोणत्या कारणाने झाली हे न पाहता सर्व जोखीम ग्राहकावर टाकली, आणि तुटीची वसुली वेळेवर केली नाही, तर उत्तम हेतूची योजनाही थकबाकीच्या डोंगराखाली गाडली जाते. मेनमध्ये हे दोन वर्षांत घडले; आपल्याकडे अनेक राज्यांत ते संथपणे, दशकानुदशके घडत आलेले आहे.

फारकतीच्या विचारातून आज जे पंथ निर्माण झाले आहेत त्यांची ओळख येथे थोडक्यात करून देतो. पूर्ण फारकतीचा पंथ वर सांगितलाच. दुसरा पंथ म्हणतो की, कंपनीच्या बचत कार्यक्रमामुळे जितकी विक्री बुडाली तितक्याचीच भरपाई द्यावी. हे ऐकावयास नेमस्त वाटते, परंतु न विकलेले युनिट मोजावयाचे कसे, या प्रश्नावर तो पंथ कायम अडखळतो, शिवाय कंपनीची विक्री वाढविण्याची ओढ तशीच शिल्लक राहते. तिसरा पंथ स्थिर खर्च सगळा स्थिर आकारातूनच वसूल करा म्हणतो. हिशेबाच्या दृष्टीने तो सर्वांत सरळ, आणि माझ्या मते सामाजिक दृष्टीने सर्वांत कठोर. एका खोलीत दोन दिवे लावणाऱ्या कुटुंबावर तो मोठ्या बंगल्याच्या तोडीचा भार टाकू शकतो आणि काटकसरीचे बक्षीसही काढून घेतो. ब्रिटनमध्ये स्टीफन लिटलचाइल्ड यांच्या सूचनेतून निघालेली भाववाढीशी बांधलेली दरमर्यादा क्रमाने महसुलाच्या मर्यादेकडे आणि २०१३ पासून कामगिरीवर आधारलेल्या नियमनाकडे वळली. हवाईनेही २०१० मध्ये फारकत करून पुढे तोच मार्ग धरला. आणि व्हरमाँटने २००० साली आणखी वेगळा विचार केला : वीज वाचविण्याचे काम कंपनीकडे सोपवूच नये, त्यासाठी स्वतंत्र संस्था उभारावी. आपल्याकडील एलईडी दिव्यांची देशव्यापी योजना, जी जानेवारी २०१५ मध्ये केंद्र सरकारच्या ईईएसएल या कंपनीमार्फत सुरू झाली, ती काही अंशी याच विचाराच्या जवळची आहे. वितरण कंपन्यांच्या काउंटरवरून दिवे वाटले गेले, परंतु पुढाकार आणि भांडवल बाहेरचे होते, आणि म्हणूनच कदाचित ती योजना इतक्या वेगाने पसरली.

आता आपल्या देशाकडे येऊ. १९९८ चा वीज नियामक आयोग कायदा आणि १० जून २००३ रोजी अमलात आलेला वीज कायदा यांनी दर ठरविण्याचा अधिकार सरकारी कचेऱ्यांतून काढून स्वतंत्र आयोगांकडे दिला. आयोग कंपनीची वार्षिक महसुली गरज छाननी करून मंजूर करतो, तिच्यातील बाबींची नियंत्रणाधीन आणि नियंत्रणाबाहेरच्या अशी विभागणी करतो, आणि वर्ष उलटल्यावर प्रत्यक्ष हिशेब पाहून फेरसमायोजन करतो; दप्तरी भाषेत यालाच ट्रू-अप म्हणतात. विक्रीतील बदल सामान्यतः नियंत्रणाबाहेरच्या बाबींत धरला जातो. त्याचा अर्थ असा की, विक्री अंदाजाहून कमी झाली तर तूट, आणि अधिक झाली तर शिल्लक, पुढील दरांत फिरते. कंपनीचा मंजूर परतावा आहे तेथेच राहतो. म्हणजे, ज्यासाठी अमेरिकेतील राज्यांना स्वतंत्र योजना आखाव्या लागल्या ती फारकत भारतीय नियमनाच्या पोटातच, कोणताही गाजावाजा न होता, वसलेली आहे. महाराष्ट्र आयोगाने तर २०१० मध्ये मागणी व्यवस्थापनाचे दोन विनियम करून बचतीच्या कार्यक्रमांचा खर्च दरांतून मंजूर करण्याची वाटही मोकळी केली, आणि त्याआधी नाशिकमध्ये बचतीच्या दिव्यांचा व पुढे मंगळवेढ्यात कार्यक्षम कृषिपंपांचा असे पथदर्शी प्रयोग महावितरणच्या क्षेत्रात झाले.

मग वितरण कंपन्या काटकसरीच्या पुरस्कर्त्या का झाल्या नाहीत? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठीच या पुस्तकाचा मध्यबिंदू जयपूर हा ठेवला आहे. मराठी वाचकांस महाराष्ट्र सोडून राजस्थानात जाण्याचे प्रयोजन विचारावेसे वाटेल. ते असे की, महाराष्ट्रात मुंबईच्या खासगी कंपन्या, बेस्टसारखा नगरपालिकेचा उपक्रम, महावितरण, भिवंडीतील फ्रँचायझी आणि पुण्याच्या प्रयाससारख्या अभ्यासू संस्था यांच्या गर्दीत प्रश्नाचे मूळ रूप झाकले जाते. जयपूरमध्ये, जेथे या प्रस्तावनेच्या लेखकाचे वास्तव्य आहे, ते उघडे दिसते.

राजस्थानचे वीज मंडळ १ जुलै १९५७ रोजी स्थापन झाले. १९९९ च्या सुधारणा कायद्यान्वये १९ जुलै २००० रोजी त्याचे पाच निगमांत विभाजन झाले, आणि वितरण जयपूर, अजमेर व जोधपूर येथील तीन निगमांकडे गेले. आयोग त्याच वर्षाच्या आरंभी जयपूरलाच स्थापन झालेला होता. जयपूर विद्युत वितरण निगमाच्या वाट्याला आलेला मुलूख पाहिला तरी प्रश्नाची जात समजते. जौहरी बाजारातील पेढ्या, सीतापुरा व विश्वकर्मा येथील कारखाने, भिवाडी आणि नीमराणाची औद्योगिक वसाहत, कोट्यातील विद्यार्थ्यांनी भरलेली वसतिगृहे, आणि या सर्वांच्या भोवती चौमू, दौसा, टोंक, करौलीची शेते, जेथील विहिरी व कूपनलिका दरसाल अधिक खोल जात आहेत. जयपूर जिल्ह्यातील भूजलाचा उपसा पुनर्भरणाहून पुष्कळ अधिक आहे. पाणी खाली गेले की मोटर मोठी लागते, मोटर मोठी झाली की वीज अधिक लागते, आणि वीज जवळजवळ फुकट असल्याने पाणी आणखी खाली जाते. राजस्थानात शिकलेला कोणताही अभियंता हे चक्र तुम्हांला समजावून देईल. ते थांबविण्याचा अधिकार मात्र एकट्या वीज निगमाच्या हाती कधीच नव्हता.

अशा निगमाच्या जमाखर्चात 'विक्री वाढली की नफा वाढतो' हे वाक्य लिहिताच येत नाही. प्रत्येक युनिटाचे मोल ते कोणी वापरले यावर अवलंबून असते. भिवाडीच्या कारखानदाराने भरलेला दर सरासरी खर्चाहून चढा, चौमूच्या शेतकऱ्याचा त्याहून पुष्कळ उतरता. कारखानदाराने आपल्या छतावर सौर पट्ट्या बसविल्या किंवा खुल्या प्रवेशाने दुसरीकडून वीज घेतली, तर निगमाला ते एखादे जहागिरीचे गाव गेल्यासारखे वाटते. शेतकऱ्याने कार्यक्षम पंप बसविला तर निगमाचा भार हलका होतो. फारकतीची वर सांगितलेली साधी रीत सर्व युनिटांना सारखे मानते. आपल्याकडे युनिटांना जाती आहेत, आणि म्हणून परदेशी योजना जशीच्या तशी उचलून आणणाऱ्यांशी मी सहमत होऊ शकत नाही. येथे फारकत करावयाची तर वर्गवार करावी लागेल : प्रत्येक ग्राहकवर्गाच्या विक्रीतील फरकाचा परिणाम स्वतंत्रपणे मोजावा लागेल, आणि उद्योगाची विक्री घटल्याची तूट व शेतीची विक्री वाढल्याची तूट एकाच खात्यात मिसळून चालणार नाही. मीटर नसलेल्या वा बंद मीटरच्या शेतीचा वापर केवळ अंदाजाने लिहिला जातो, तेथे तर विक्री आणि गळती एकमेकींच्या आड लपतात, आणि ज्या फेरहिशेबावर सारी इमारत उभी त्याचाच पाया डळमळीत होतो.

याहूनही मोठा दोष वेळेचा आहे. फेरहिशेबाचे सारे पावित्र्य तो वेळेवर होण्यात आहे. राजस्थानात २००५ च्या आरंभी लागू झालेले दर सप्टेंबर २०११ पर्यंत बदलले गेले नाहीत. या काळात वीजखरेदी महागली, कृषी जोडण्या वाढल्या, आणि तफावत भरून काढण्यासाठी निगम बँकांच्या दारी गेले. केंद्राने नेमलेल्या शुंगलू समितीने २०११ मध्ये देशभरच्या वितरण कंपन्यांच्या अशाच स्थितीची तपासणी केली; त्याच वर्षी ११ नोव्हेंबरला विद्युत अपील न्यायाधिकरणाने आयोगांना आदेश दिला की, कंपनीने मुदतीत याचिका दाखल केली नाही तर आयोगाने स्वतः होऊन दरनिश्चिती व फेरहिशेब हाती घ्यावा. २०१२ मध्ये आर्थिक पुनर्रचनेची योजना आली, ती पुरली नाही. मग नोव्हेंबर २०१५ मध्ये उदय योजना जाहीर झाली आणि जानेवारी २०१६ मध्ये राजस्थान तीत सामील झाले. त्या वेळी तिन्ही निगमांच्या शिरावर सुमारे ८० हजार कोटी रुपयांचे कर्ज होते, आणि त्याचा पाऊण हिस्सा राज्याने आपल्या खजिन्यावर घेतला. ग्राहकाच्या बिलातून जे वेळच्या वेळी व थोडे थोडे वसूल व्हावयाचे ते शेवटी करदात्याच्या माथी एकदम बसले, आणि ज्याने वीज जपून वापरली त्याने आणि ज्याने उधळली त्याने ते सारखेच फेडले. काटकसरीला याहून मोठा अन्याय कोणता?

सरकारी अनुदानाचेही तेच. एखाद्या वर्गाला स्वस्त किंवा फुकट वीज द्यावयाची असेल तर तिची रक्कम राज्याने आगाऊ द्यावी, असे २००३ च्या कायद्याचे कलम ६५ सांगते. राजस्थानात जून २०२३ पासून घरगुती ग्राहकांना महिन्याला १०० युनिट मोफत मिळू लागले. शेतीचे अनुदान त्याआधीपासूनचे आहे. गरिबाला वीज परवडावी ही शासनाची इच्छा मला पूर्णपणे मान्य आहे. परंतु अनुदान रोखीने न येता येणे म्हणून वर्षानुवर्षे पुस्तकात उभे राहिले, तर निगमाचा मंजूर महसूल कागदावरच राहतो, आणि कागदावर झालेल्या फारकतीने कोणाचेही वर्तन बदलत नाही.

फारकतीच्या उलट दिशेचा एक प्रयोगही याच मुलखात चालू आहे, आणि पुस्तकात त्याला बरीच जागा दिली आहे. २०१६ मध्ये कोटा आणि भरतपूर या शहरांचे वितरण फ्रँचायझी पद्धतीने कलकत्त्याच्या सीईएससी समूहाकडे गेले. शहराच्या वेशीवर वीज ठरीव दराने घ्यावयाची आणि आत विकून वसुली करावयाची, या व्यवस्थेत चालकाचा लाभ गळती कमी होण्यावर जसा, तसा विक्रीवरही उभा असतो. भिवंडीत जानेवारी २००७ पासून टॉरेंट कंपनीकडे असलेली व्यवस्था याच घाटाची. गळती उतरविण्याचे सामर्थ्य या पद्धतीत निःसंशय आहे. परंतु चोरी थांबविणे आणि वापर जपून होणे ही दोन भिन्न ध्येये आहेत, आणि पहिल्यासाठी आखलेला करार दुसऱ्याच्या आड येऊ शकतो, याचा विचार करार लिहिताना झालेला दिसत नाही.

हा विषय आजच का हाती घ्यावा, हे आता निराळे सांगण्याची आवश्यकता थोडीच उरते. राजस्थान सौर ऊर्जेत देशात आघाडीवर आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेने देशातील १ कोटी घरांच्या छतांवर सौर पट्ट्या बसविण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. आणि जयपूरच्या उन्हाळ्यात कूलरची जागा वातानुकूलन यंत्रे घेत असल्याने रात्रीची मागणी चढत आहे. दिवसा विक्री घटेल, रात्री महाग वीज घ्यावी लागेल, आणि स्थिर खर्च तसाच राहील. अशा वेळी निगमाचे हित विक्रीला बांधलेले राहिले तर तो छतावरच्या सौर पट्टीकडे शत्रू म्हणून पाहील, तिच्यावर आकार बसवू पाहील, जोडणीच्या अर्जांना विलंब लावील. अधिकाऱ्यांना दोष देऊन ते थांबणार नाही. हिशेबाची ओढच त्या दिशेची आहे.

दुसरे कारण न्यायालयीन आहे. ६ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, दिल्लीच्या कंपन्यांनी आणलेल्या प्रकरणात, सर्व राज्यांना लागू पडेल असा निकाल दिला : वसुली पुढे ढकलून उभी राहिलेली तूट, जिला नियामक मत्ता म्हणतात, ती यापुढे मंजूर महसुलाच्या शेकडा ३ हून अधिक असू नये, नवी तूट तीन वर्षांत फिटावी, आणि जुनी १ एप्रिल २०२४ पासून अधिकात अधिक सात वर्षांत. मेन राज्याने १९९३ मध्ये जो धडा घेतला तो आमच्या न्यायव्यवस्थेने बत्तीस वर्षांनी नियमात बांधला. या निकालाची अंमलबजावणी झाली तर भारतीय फारकत प्रथमच खरी होईल, कारण तिच्यातील उशीर नाहीसा होईल. त्याचबरोबर साचलेली तूट थोड्या वर्षांत बिलांतून वसूल होणार असल्याने ग्राहकांत असंतोष उसळेल, आणि राजकीय पुढाऱ्यांना पुन्हा दर गोठविण्याचा मोह होईल. तो मोह आवरला पाहिजे. गोठविलेला दर ही ग्राहकावरची कृपा नसून त्याच्या नावावर, त्याला न विचारता, चढविलेले कर्ज आहे.

माझे स्वतःचे मत मी लपवीत नाही. फारकत हवी; परंतु ती वर्गवार हवी, वेळेवर हवी, अनुदानाची रक्कम खजिन्यातून प्रत्यक्ष आल्यावरच हवी, आणि तिच्या जोडीला कामगिरीची अट हवी. महसुलाची हमी मिळालेली कंपनी आळसावू शकते, हा आक्षेप रास्त आहे. गळतीचे प्रमाण, पुरवठ्याची अखंडता, तक्रारींचा निकाल, आणि पंप बदलण्यासारख्या बचत कार्यक्रमांची प्रगती यांवर परताव्याचा काही भाग अवलंबून ठेवल्यास त्याचे निराकरण होते. स्थिर आकार भरमसाट वाढवून हाच परिणाम साधण्याचा जो सोपा मार्ग काही तज्ज्ञ सुचवितात, तो गरीब ग्राहकाच्या दृष्टीने मला अमान्य आहे. संग्रहातील काही लेखकांना तो मान्य आहे, आणि त्यांची मांडणी वाचकांनी माझ्या मताहून अलग ठेवून, तिच्याच बळावर तपासावी.

या पुस्तकाने काय करावयाचे ठरविले आणि काय नाही, हेही स्पष्ट असावे. ते अभियंत्यांसाठी लिहिलेले पाठ्यपुस्तक नव्हे, आणि कोणत्याही निगमाविरुद्धची फिर्याद तर नव्हेच. दरनिश्चितीचे आदेश शेकडो पानांचे असतात आणि बव्हंशी इंग्रजीत असतात. ते वाचण्याची दृष्टी मराठी वाचकाला यावी, त्यातील कोणत्या तक्त्यात आपल्या बिलाचे मूळ आहे आणि कोणत्या तक्त्यात कंपनीच्या वर्तनाचे, हे त्याला ओळखता यावे, एवढा यामागचा हेतू आहे. म्हणून संज्ञा शक्य तेथे प्रचारातल्याच ठेवल्या आहेत, सूत्रे थोडी आहेत, आणि प्रत्येक तत्त्वाच्या मागे एखादा खरा आदेश किंवा खरा हिशेब उभा केला आहे. वाराणशीच्या विणकरांपासून केरळच्या पंपगृहांपर्यंत साऱ्या देशाचे चित्र उभे करण्याचा मोह टाळून जयपूर व महाराष्ट्र या दोनच क्षेत्रांत खोल जाणे पत्करले, याबद्दल काही वाचक नाराज होतील. ती नाराजी मी मान्य करतो.

वाचकांस एक विनंती करून ही प्रस्तावना पुरी करतो. दराची याचिका दाखल झाली की तिचा गोषवारा वृत्तपत्रांत प्रसिद्ध करावा लागतो, आणि कलम ६४ प्रमाणे लोकांच्या सूचना व हरकती विचारात घेऊनच आयोगाला आदेश काढावा लागतो. हरकत नोंदविण्यासाठी वकील असण्याची अट नाही, आणि जनसुनावणीत ती आपल्या भाषेत मांडता येते. पुढील याचिकेच्या वेळी आपल्या कंपनीने विक्रीचा अंदाज किती धरला होता, प्रत्यक्षात ती किती झाली, आणि त्या फरकाचे पैसे कोणाच्या नावे लिहिले गेले, एवढे तीन प्रश्न लेखी विचारावेत.